वृद्धभूत सुविधा

२ मार्च, सोमवार
नवीन व्हिजिटिंग कार्डं आली. 'सरकारी निधी सल्लागार'. बायको म्हणाली, आधी कुणाला निधी मिळू तर दे. गेल्या वर्षी पाळणाघराला अनुदान मिळवून दिलं, ते ती सोयीस्कर विसरते. (त्या वर्षी ते सगळ्याच अर्जदारांना मिळालं होतं. पण तो मुद्दा वेगळा.)

दुपारी बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांचं दिवसभराचं केंद्र चालवतात. एकूण बावीस जण, त्यांत आमचे बाबाही. दहा ते पाच ते तिथे असतात, म्हणून तर मला घरात बसून काम करता येतं. केंद्राला पोसणाऱ्या ट्रस्टने हात वर केलेत. सरकारी अनुदान मिळालं नाही तर महिनाअखेर कुलूप.

बाईंनी अर्ज स्वतःच लिहून आणला होता. हाताने, दोन पानं. 'आमच्याकडे बावीस जण येतात. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही.' ही काय भाषा झाली? हसू दाबलं. म्हटलं, बाई, सरकारला साधं लिहिलेलं कळत नाही. माझ्यावर सोडा.

मुदत वीस तारखेची. संकल्प: रोज पाच पानं. अकरा तारखेलाच मोकळा.

५ मार्च
पान एकही नाही. पण मुखपृष्ठाचा रंग नक्की केला. निळा. निळ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

९ मार्च
समाजकल्याण कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, अर्ज किती पानांचा हवा. म्हणाला, फॉर्मच्या मागे लिहिलंय, वाचा. उर्मट! वाचायचंच असतं तर आलो कशाला असतो? त्याला माझं कार्ड दिलं. त्याने घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं. म्हणजे कार्ड ऑफिसात राहिलं. याला नेटवर्किंग म्हणतात.

१४ मार्च
बाईंचा फोन. कुठवर आलं, विचारत होत्या. निवृत्त झाल्या तरी गृहपाठ तपासायची खोड जात नाही. स्ट्रॅटेजी चालू आहे, असं सांगितलं. त्यावर त्यांनी फोन ठेवला. इम्प्रेस झाल्या असणार.

१९ मार्च, संध्याकाळी ६
उद्या पाचला मुदत संपते. सामान्य माणूस घाबरला असता. मला मात्र सुचलं: पाळणाघराचा त्रेचाळीस पानी अर्ज आहेच की, मंजूर झालेला! कॉम्प्युटरला हुकूम सोडला, जिथे 'मूल' तिथे 'वृद्ध' घाल, जिथे 'बाल' तिथे 'ज्येष्ठ'. 'मुलां'चंही तसंच उरकलं. दोनशे अकरा बदल, एका सेकंदात. बाईंना दोन पानं लिहायला आठवडा लागला होता.

बायको म्हणाली, एकदा वाचून तरी बघ. म्हटलं, मशीन चूक करत नाही. माणसं वाचत बसतात म्हणून चुका सापडतात.

२० मार्च
चार पन्नासला अर्ज दाखल. कारकुनाने हातात तोलून पाहिला. आदर दिसला.

२७ मार्च
फेटाळला. सात दिवसांत! नकार द्यायचा म्हटलं की यांच्या अंगात कुठून वेग येतो कोण जाणे.

कारणं तर बघा. संस्थेला हव्या असलेल्या 'वृद्धभूत सुविधा' म्हणजे काय, याचा बोध होत नाही. (एका सदस्याला म्हणे भुताखेतांचा प्रकार वाटला. 'मूलभूत' वाचायला काय झालं होतं?) प्लास्टिकच्या सहा 'ज्येष्ठद्या' ही वस्तू बाजारात आढळली नाही. 'वृद्ध्यमापन' कोण व कशाने करणार, याचा खुलासा नाही. शिवाय 'प्रत्येक वृद्ध दोन वर्षांत शाळेत जाऊ लागेल' हे उद्दिष्ट समितीला अवास्तव वाटतं.

दृष्टीच नाही लोकांना. आणि भाषाही तसलीच. एका शब्दाच्या पोटात दुसरा कोंबून ठेवायची काय गरज होती?

बायकोने पत्र वाचलं. आधी हसली. मग बराच वेळ हसली नाही.

३१ मार्च
केंद्राला कुलूप लागलं. मी काही तिथे गेलो नाही, तत्त्व म्हणून. बाईच घरी येऊन गेल्या. भांडल्या नाहीत. फक्त आपली ती दोन पानं परत मागितली, पुढच्या वर्षी तीच देणार म्हणे. हट्टाला औषध नसतं. जाताना बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावून गेल्या.

मला वाईट वाटलं. पण थोडंच. यात माझा असा काही दोष नाही.

१ एप्रिल, सकाळी ११
बायको कामावर गेली. बाबा दहापासून माझ्या टेबलासमोर बसलेत. मला ओळखत नाहीत, म्हणून अहो-जाहो करतात. तीनदा विचारलं, आपण काय करता? तिन्ही वेळा सांगितलं, संस्थांना सरकारी निधी मिळवून देतो.

चौथ्यांदा सांगितलं तेव्हा खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, मग आमच्या केंद्राचं तेवढं बघा ना. बंद पडलंय हो. बाई फार चांगल्या आहेत, पण कुणीतरी बिनकामाचा माणूस गाठ पडला त्यांना. तुमच्यासारखा जाणकार भेटायला हवा होता.

बघतो, म्हटलं.