तांब्याभर गूळ-पाणी

२० डिसेंबर
आले एकदाची बाळापूरला. इथल्या सरकारी डायलिसिस केंद्रात नर्स म्हणून रुजू झाले अन् माझ्या बापाला, आबांना, संगंच आणलं. आता त्यांचं रक्त माझ्याच डोळ्यांपुढं साफ होईल, जिवाला घोर न्हाई. किडनी गेल्यापासून त्यांना दिवसाला दोन पेलेच पाणी. मी माठाजवळ हवालदारावानी बसते अन् ते मला शिव्या घालतात. पण सध्या स्वारी खुशीत आहे. खरं वय सदुसष्ट, पण एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी मागंच आधारवर सात वर्षं वाढवून घेतलेली. एक जानेवारीला कार्डावर पंच्याहत्तर भरली की एसटी फुकट. रोज नरसीला देवदर्शनाला जाईन म्हणतात. लबाड म्हातारा.

केंद्र झाडणाऱ्या सोजरामावशींनी मला गूळ-पाणी दिलं. आबांना न्हाई दिलं. त्यांना निघताना देईन, म्हणाल्या.

२४ डिसेंबर
मोतीबाई नावाच्या पेशंटला आज पंच्याहत्तर भरली. डॉक्टर म्हणाले, मशिनी कमी, तरणी पोरं वाट बघून राहिलीत. ह्या केंद्रात पंच्याहत्तरीनंतर डायलिसिस न्हाई. आबांच्या एक जानेवारीला आठच दिवस.

मावशींनी मोतीबाईंना तांब्याभर गूळ-पाणी पाजलं. एवढं पाणी छातीत भरून जीव जाईल, मी वरडले. निघाल्या पाव्हण्याला तहानलेलं धाडू न्हाई, म्हणाल्या. मोतीबाई मात्र डोळे मिटून प्यायल्या.

२७ डिसेंबर
मोतीबाई वारल्या. निरोप यायच्या आधीच मावशींनी त्यांच्या खुर्चीवरची चादर बदलली होती. काहून?

आबांचं वय दुरुस्त करायला आधार केंद्रावर धावले. शाळेचा दाखला मागतात. आबांनी शाळेची पायरी बघितली न्हाई.

३० डिसेंबर
मावशी गूळ फोडून राहिल्या. एवढा कुणासाठी, विचारलं. गावाकडच्या म्हाताऱ्यांचा जन्म कार्डावर एक जानेवारीचाच असतो, म्हणाल्या. नजर माझ्यावरच.

३१ डिसेंबर
माठ उपडा केला. उद्या आबांना कुलपात ठेवते. मावशींना आमची खोली ठाऊक न्हाई. न्हाईच—

१ जानेवारी
डॉक्टरांच्या पाया पडले. कार्डावर आहे तेच वय खरं, म्हणाले.

परत आले तर कुलूप जसंच्या तसं. आत आबा मिशा पुसून राहिलेले. माठ काठोकाठ— गुळाचा वास— मावशी आतल्या अंगाला उंबऱ्यावर बसल्यात.

आबा म्हणतात, पोरी, आज तरी पोटभर दे.

न्हाई देणार. पेन उजव्या हातात गच्च धरलंय, सोडत न्हाई. डावा हात आपोआप माठात— तांब्या बुड—