सरकारी घरासाठी मुआयना

नांदेड, ३ बहमन १३५२ फसली (डिसेंबर १९४२)
प्लेगनंतर सरकारने गावाबाहेर बांधलेली घरं आता गरजूंना वाटणार. अर्ज दिला. उर्दू इतकी नफीस उतरली की अर्ज घेणाऱ्या पेशकारांनी दोनदा वाचला. (बायको चंद्रप्रभा म्हणते, पहिल्यांदा कळला नसेल.) घरमालक आप्पासाहेब म्हणतात, संक्रांतीपर्यंत खोली सोडा. सोडू की! ऐटीत सोडू.

९ बहमन
भिंतीची ओल वाढली. विमलचा खोकला हटत नाही, पोर आडवी झाली की घुसमटते. चंद्रप्रभा रडली. तिला सांगितलं, नवी घरं बघून आलो, प्रत्येकाला खिडकी आहे. आपण कोपऱ्यावरचं घेऊ.

१६ बहमन
मुआयना ठरला. घरं वाटणारे साहेब प्रत्येकाची राहती जागा बघणार. चंद्रप्रभा म्हणते, ओल दाखवा, पोरीला दाखवा. बायकांना सरकार कळत नाही! अदालतीत कागदांच्या नकला करणारा माणूस दरिद्री दिसला तर घर कोण देईल? इंप्रेशन महत्त्वाचं. ओलीवर चुना मारला. वकिलांकडून खुर्च्या, सतरंजी मागून आणली.

१९ बहमन, संध्याकाळ
फत्ते! विमलला खोकल्यासकट शेजारी धाडलं होतं. साहेब म्हणाले, "मकान तो बहुत उमदा है आपका." मी मान लववली. चंद्रप्रभा ओलीचं बोलू लागली, तर तिच्याआधी चहा पुढे केला. शेजारच्या शिवमूर्तीने मात्र साहेबांना थेट गळक्या पत्र्याखाली उभं केलं. "लई हाल हायती साहेब, बगा." काही लाज? त्याचं नाव कटलंच.

२ इस्फंदार
कोपऱ्यावरचं घर शिवमूर्तीला. आमचा अर्ज नामंजूर. पेशकार म्हणाले, "रेणुकादासराव, तुमाला घर हाय की! साहेबांनीच लिवलंय, उमदं म्हणून." नजरचूक. हैदराबादला लिहिलं.

७ इस्फंदार
आप्पासाहेब आले. चुना बघून खूश. खोली जावयाला देणार. हातापाया पडलो. (चंद्रप्रभा घरात नव्हती.) संक्रांत म्हणजे संक्रांत, म्हणाले.

११ इस्फंदार
सामान अदालतीच्या पडवीत. मीही तिथंच, तूर्त. चंद्रप्रभा विमलला घेऊन मुदखेडला भावाकडे निघाली. स्टेशनवर विमलने विचारलं, आपलं घर कधी मिळणार? म्हटलं, सरकार विचार करून राहिलंय. गाडी हलली. खिडकीबरोबर धावत चंद्रप्रभाला सांगितलं, हैदराबादहून उत्तर येणारच, काळजी नको.
ती म्हणाली, "कुठल्या पत्त्यावर?"