बगळ्यावरचं गोणपाट

उस्ताद,

आधी माझ्या हातच्या वस्तू ऐका. सिमेंटच्या एकेचाळीस कुंड्या, त्यातल्या नऊ कमळाच्या पाकळ्यांच्या. दोन हत्ती, एकाची सोंड वर. कारंज्याखालची परात. आणि बगळा. कुणी शिकवलं नाही, तुम्ही तर नाहीच. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर तुम्ही मिस्त्री, मी बिगारी. मी माल कालवायचा आणि थापीला हात लावायचा नाही, हा तुमचा कायदा.

तरी काम सुटल्यावर उरलेल्या मालातून विहिरीमागं मी बगळा केला. पौषातली थंडी, पहाटे बोटं वळत नाहीत, दुपारी पत्रा तापतो, आणि वारा असा कोरडा की ओलं काही टिकत नाही. तुम्ही मानेवर नख वाजवलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "फटता देख ये. संक्रांतसे पहले." आठव्या दिवशी मानेला केसाएवढी चीर. फोडायला हातोडाही तुम्हीच हातात दिलात.

मी दुसरा केला, त्याच थंडीत. मानेतली गंजकी तार बदलली, माल घट्ट कालवला. कोरड्या वाऱ्यानं माल एकदम वाळतो आणि चिरतो, हे माझं मला कळलं. म्हणून संध्याकाळी गोणपाट दुहेरी भिजवून त्याला गुंडाळायचो. सकाळी येऊन बघावं तर तसंच ओलं. असे एकवीस दिवस. तो फुटला नाही. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. महिन्याभरात मी काम सोडलं, बगळा हातगाडीवर घालून.

तेव्हापासून गिऱ्हाइकांना बजावून सांगतो. थंडीत कुंडीला सांजचं पाणी नको, ऊन वर आल्यावर द्या. बूड जमिनीला टेकवू नका, खाली विटांचे तुकडे द्या, नाहीतर आपल्या आडाच्या खाऱ्या पाण्यानं पोपडे सुटतात. नवी वस्तू असेल तर दुहेरी गोणपाट, रात्रभर ओलं राहतं. रंग जाऊ नये म्हणून माझ्या हत्तींवर थंडीभर जुन्या चादरी असतात. शेजारी विचारतो, "काय हो, हत्तीला ताप आला का?" मी म्हणतो, "येऊ नये म्हणून की." हसू देत. त्याच्या दारातल्या कुंड्या दर साली तडकतात, माझी एक नाही.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. यंदा पौषात मी नवी परात केली. सहज पहाटे उठून हात लावला, तर गोणपाट कोरडं. तिहेरी केलं, तेही कोरडं. चार दिवस पाहिलं. असल्या वाऱ्यात ते रात्रभर ओलं राहूच शकत नाही. आणि तेव्हा बंगल्यावर पहाटेची नमाज पढून माझ्याआधी येणारे एकटे तुम्हीच होता. विहीर तिथंच होती.

तरी बगळा माझा आहे, हे मी तुमच्या तोंडावर म्हणेन. पाणी तेवढं तुमचं.

परवा मोडनिंबला हॉटेल काढणारा एक जण अंगणात आला. त्याला दारात ठेवायला हाच बगळा हवा होता. म्हणाला, "आकडा सांगा." मग त्यानंच सांगितला. मी म्हटलं, "भागीतला आहे, विकता येत नाही." भागीदार कुठं असतात, असं त्यानं विचारलं, ते मी त्याला सांगितलं नाही. हे पत्र पाठवायचं असतं तर भागीचं तुम्हालाही सांगितलं नसतं. सहाशे रुपये देत होता, रोख.