‘येते’ म्हणायचं नाही

प्रिय शेंडेफळा,

फोनवर सांगता येणार नाही म्हणून लिहितेय. फोन केला की तू स्पीकर लावतेस, आईबाबा कान टवकारून बसतात आणि माझा आवाज जरा बदलला की आई लगेच ओळखते. हे तू एकटीने वाच. आईने विचारलंच तर सांग, ताईने सामानाबद्दल लिहिलंय. खोटं नाही ते, सामानाबद्दलही लिहिणार आहे. पण आधीच सांगून टाकते, मी घाबरलेय. मी उगाच घाबरणारी नाही, हे तुला ठाऊक आहे. घरात पाल निघाली की झाडू मलाच घ्यावा लागायचा.

तर सामान. जाड कोट बॅगेत कोंबू नकोस, अंगात घाल. विमानात उकडेल, उकडू दे. पासपोर्टच्या आणि प्रवेशपत्राच्या झेरॉक्स दोन वेगळ्या बॅगांत ठेव. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. फोनची बॅटरी नेमकी नको तेव्हा मान टाकते, म्हणून पत्ता कागदावर लिहून खिशात ठेव. कुठला पत्ता, ते शेवटी सांगते. आई अर्धं स्वयंपाकघर बांधून देईल, तिला म्हण ताईकडे कुकर आहे. आणि इथली दारं! मागे ओढलं की आपोआप लागतात, बाहेरून नुसती मूठ फिरवून उघडत नाहीत. पहिल्या दिवसापासून किल्ली गळ्यात अडकव. शेळीसारखी दिसलीस तरी चालेल.

तुझं तिकीट झालं त्या दिवशी मी लॉन्ड्रीतल्या कामावरून सुटले ती थेट बाजारात गेले आणि तुझ्यासाठी गादी आणि पांघरूण घेऊन आले. जिन्यात समोरच्या दारातला माणूस भेटला. वयाने बाबांच्या जवळपास, बूट चकचकीत, विमानतळावर टॅक्सी चालवतो. तोवर आमचं नुसतं हसण्यापुरतं होतं. त्याने गादी वर आणून दिली. मी आनंदात, गप्प बसवेना. बहीण येतेय म्हणाले, तुझं नाव सांगितलं, दिवस सांगितला, फोनमधला तुझा फोटोही दाखवला. कधीतरी कॉफीला ये, असं तो म्हणाला. आणि मी दारात उभी राहून इथल्या भाषेत, अगदी व्याकरणशुद्ध, म्हणाले, ‘येते हं.’

झालं. आईने जिभेवर बसवलेलं ना! ‘जाते काय म्हणतेस, येते म्हण,’ लहानपणी किती वेळा उंबऱ्यावरून परत बोलावलंय तिने आपल्याला. मी निरोप घेत होते गं. तो ऐकत होता की मी येणार आहे. संध्याकाळी त्याने दार वाजवलं. इस्त्रीचा शर्ट, मागे त्याच्या उघड्या दारातून टेबलावरचे दोन कप दिसत होते. मला वाटलं, काय चिकट माणूस आहे. अभ्यास आहे म्हणून सुटका करून घेतली आणि दार लावता लावता पुन्हा म्हणाले, ‘बरं, येते.’ जिन्यात भेटला की तेच. लॉन्ड्रीसमोर टॅक्सी घेऊन उभा राहायला लागला, तेव्हाही घाईने तेच म्हणून पळाले. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा फुलायचा, आणि पुढच्या खेपेला आवाज थोडा चढलेला असायचा. तू म्हणाली होतीस, असं म्हणायचा. मला वाटायचं, मी कधी म्हणाले बाई?

मग एका दुपारी कचरा टाकायला म्हणून चपला घालून बाहेर पडले आणि दार मागे लागलं. किल्ली आत, फोन आत. त्याचं दार उघडलं. आत येऊन बस, म्हणाला, घरमालकिणीला इथून फोन कर. मी म्हणाले, नको नको, येते मी, आणि तशीच खाली कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदाराने घरमालकिणीला फोन लावून दिला. ती दुसरी किल्ली घेऊन आली, आम्ही दोघी वर गेलो, तर त्याचं दार तसंच सताड उघडं, दारात खुर्ची आणि खुर्चीवर तो. वाट बघत. त्या दिवसापासून मी आतून दाराला टेबल लावायला लागले.

भाषेच्या वर्गात बाईंनी एकदा सगळ्यांना निरोप घेऊन वर्गाबाहेर जायला सांगितलं. मी दारात जाऊन माझं वाक्य म्हटलं. बाईंनी विचारलं, कुठे येणार आहेस? वर्ग खो खो हसला. मीही हसले आणि मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसून राहिले. कितीदा म्हणाले असेन त्याला, ते आठवायचंही धाडस होईना.

दुसऱ्या दिवशी घरमालकिणीला शेजारी उभं करून मी त्याला स्पष्ट सांगितलं. भाषेची चूक झाली, मी येणार नाही, कधीच नाही. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. हसला. म्हणाला, काही हरकत नाही, बहीण येतेय ना, तिला विमानतळावरून मीच आणतो. आणि तुझा दिवस बरोब्बर सांगितला. शेंडेफळा, माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. तो वाईट आहे की नुसता एकटा, मला माहीत नाही, आणि ते शोधून काढायचं काम माझं नाही. मी तशीच कॉलेजच्या ऑफिसात गेले. त्यांनी पोलिसांत तक्रार द्यायला माणूस बरोबर दिला आणि वसतिगृहात आपल्या दोघींसाठी खोली दिली. तुझी गादी माझ्याबरोबर आली आहे. तुलाही कधी भीती वाटली तर माझ्यासारखी मनात कुढत बसू नकोस, पहिल्याच दिवशी कुणालातरी सांग.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. तुझ्या कागदांवर जुना पत्ता आहे, तो खोड. नवा पाकिटाच्या मागे लिहिलाय, तोच खिशात ठेव. विमानतळावर कुणी तुझ्या नावाची पाटी घेऊन उभा असेल, तुला फोटोवरून ओळखेल, ताईने पाठवलंय म्हणेल, खूप गोड बोलून बॅगेला हात घालेल. त्याच्याबरोबर जायचं नाही. सवयीने मानही हलवायची नाही. काचेच्या दाराच्या आत, गणवेशातल्या माणसांजवळ उभी राहा, मला कितीही उशीर झाला तरी. इथे हल्ली मी सगळ्यांना ‘जाते’ म्हणते, आणि दर वेळी आईचे वटारलेले डोळे दिसतात. तू मात्र उंबऱ्यावर तिला ‘येते’च म्हण, नाहीतर रडत बसेल. मी तो शब्द इथे कुणालाच म्हणत नाही, तुझ्यासाठी ठेवलाय. तू आत थांब. मी येते.

काचेच्या दाराशी नाक लावून उभी असणारी,
तुझीच ताई