भीतीची तालीम

५ मार्च
...माझी काठी पुन्हा वर जाते आणि कापुटो व्हिडिओ थांबवतो. कापुटो म्हणजे पोलीस युनियनने मला दिलेला वकील. व्हिडिओ समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी काढलेला. बसस्टॉपवर म्हातारा गेन्स, हातात जेवणाचा डबा, आणि मी. कापुटो म्हणाला, इथे तुला जिवाची भीती वाटली. मी म्हणालो, एवढ्या नोकरीत मी कुणाला घाबरलेलो नाही. तो चष्मा पुसत राहिला.
"डार्बी, शूर पोलिसाला मी वाचवू शकत नाही. घाबरलेला सुटतो."
केस सरळ आहे.

८ मार्च
साक्षीची तालीम. "मला भीती वाटली" असं म्हणून दाखवलं. कापुटोच्या सेक्रेटरीला हसू आलं. म्हणे, सँडविच मागितल्यासारखं म्हणता. उद्यापासून रोज आरशासमोर सराव.

११ मार्च
सराव नाही. कुत्र्याला फिरवायचं होतं.

१९ मार्च
आरशात बघून भीती येत नाही. नमुना हवा. म्हणून, फक्त म्हणून, व्हिडिओ लावला. त्यात घाबरलेला माणूस एकच आहे. गेन्सचे डोळे, अर्धवट उघडं तोंड, कानापर्यंत चढलेले खांदे. उत्तम नमुना. त्याचा हात मोडतो तिथपर्यंत बघावं लागत नाही. चेहरा आधीच येतो.

२ एप्रिल
जमलं. मार्लिसला स्वयंपाकघरात करून दाखवलं. बायकोचं मत महत्त्वाचं. तिने ओव्हनचं दार उघडंच ठेवलं.
"हा चेहरा तुझा नाही," ती म्हणाली. "कुणाचा आहे ते मला माहीत आहे. घरात आणू नकोस."
तिला अभिनयातलं कळत नाही. सध्या सोफ्यावर झोपतो. पाठीला बरं असतं.

१४ एप्रिल
आता तो चेहरा आपणहून येतो. दाढी करताना. दुकानात कॅशियर पिशवी घ्यायला वाकली तेव्हा. कापुटो खूश आहे. केस संपली की सवय मोडून टाकीन.

२३ एप्रिल
साक्ष दिली. सरकारी वकिलाने पडद्यावर गेन्सला थांबवून ठेवलं होतं. ज्युरीतली एक बाई पडद्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. खुद्द गेन्स पहिल्या रांगेत होता. मी बोलायला लागलो तशी त्याने मान फिरवली. माझं पटलं असावं.

२४ एप्रिल
निर्दोष. कापुटोने पाठीवर थाप मारायला हात उचलला. मी टेबलाखाली होतो. पेन पडलं होतं.

६ मे
उद्यापासून ड्यूटी. गणवेशाला इस्त्री केली. मन अगदी शांत.

७ मे
सकाळी पहिला कॉल आला. लाँड्रीबाहेर दोघांचं भांडण. जोडीदार गाडीतून उतरला. त्यांच्यातल्या एकाने लगेच हात वर करून दाखवले. रिकामे होते. मी दार आतून लावून घेतलं. रेडिओपाशी कुणीतरी हवंच. जोडीदाराने दोघांना समजावून घरी पाठवलं आणि परत येऊन काचेवर टकटक केली. दार उघडायला मला वेळ लागला.