तुझ्या दाजींचा लसूण

मखमलाबाद, नाशिक
६ फेब्रुवारी २००३

प्रिय महेश,

प्रिय लिहिलं, कारण चौथीत बाईंनी पत्र तसंच सुरू करायला शिकवलं होतं आणि त्यापुढं मला कोणी काही शिकवलं नाही. मनात दुसराच शब्द होता. तो लिहिला असता तर तुझ्या बायकोने, साधनाने, पत्र तुझ्या हातात पडू दिलं नसतं. तर आता बसून वाच. अर्धं वाचून घडी घालायची आणि खिशात टाकायची तुझी सवय मला माहीत आहे, आईची पत्रं तू तशीच वाचायचास. हे शेवटपर्यंत वाच.

तुझ्या दाजींच्या लिव्हरवर गाठ निघाली आहे. संक्रांतीच्या आधीपासून उजव्या कुशीत दुखत होतं. मेथीच्या जुड्या बांधायला बसले की एक हात कुशीवर, एका हाताने जुडी कशी बांधायची? मी आरडाओरडा करून शहरात नेलं. डॉक्टर तरणा आहे, पण बोलतो सरळ. फोटोवर पेन ठेवून त्याने मला दाखवलं, बोराएवढी आहे, कडेला आहे. म्हणाला, आधी सुई घालून कणभर तुकडा काढू, तपासू. तेच निघालं तर मुंबईला पाठवतो, तिथं ती बाजू कापून काढता येईल, माणूस वाचेल. चार-सहा महिने घालवलेत तर मग माझ्याकडं येऊ नका. सुईसाठी पंचवीस तारीख दिली आहे, मंगळवार. आणि तुझे दाजी जाणार नाही म्हणतात. कोणाच्या जिवावर म्हणतात? तुझ्या.

पुंजाभाऊजी गेले ते आठव. दाजींचे थोरले भाऊ, तू खांदा द्यायला आला होतास. हातापायाच्या काटक्या आणि पोट पाण्याने तट्ट फुगलेलं. तेव्हाच तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं, ही ब प्रकारची कावीळ आईकडून पोरांना येते, तर बाकी भावांनी रक्त तपासून घ्या. दाजी घाबरले. घाबरलेला माणूस तपासायला जात नाही रे, कोणीतरी जाऊ नको म्हणायची वाट बघतो. वर्षभर त्यांनी वाट बघितली आणि मग पुंजाभाऊजींच्या छायाच्या लग्नात तू भेटलास. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मांडवात पाहुण्यांच्या पुढ्यात त्यांनी तुला विचारलं, भाऊचं झालं तसं माझं होईल का. मी शेजारीच हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते, मला शब्द न् शब्द पाठ आहे. तू म्हणालास, "दाजी, आमच्याकडं यावरच संशोधन चालू आहे. लसणातल्या द्रव्याने लिव्हरचा कॅन्सर होतच नाही. ठेचायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग खायचा."

तपासू नका असं तू म्हणाला नाहीस, हे मला कळतं. वकिलासारखा तेच सांगशील, म्हणून आधीच लिहिलं. तपासा असंही तू म्हणाला नाहीस.

त्या दिवसापासून पाच वर्षं मी काय बघितलं ते ऐक. रोज सकाळी तोंड धुतलं की सात पाकळ्या. उंबऱ्याशी बसून दगडाने ठेचायच्या आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसायचं. नऊ मिनिटांनी नाही, अकरा मिनिटांनी नाही. तोवर कोणी हाक मारली तरी बोलायचं नाही, जसं काही सोवळ्यात आहेत. वर परत जेवणात लसणाची चटणी, मूठ मूठ. बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडं बसायचा. एकदा कंडक्टर म्हणाला, काका, तुमच्या घरी डासांनी यायचं सोडलं असेल, तर दाजी खूष झाले आणि त्यालाच लसूण कसा खायचा ते पंचवटी येईपर्यंत शिकवलं. मार्केटला भाजी घेऊन गेले की गिऱ्हाइकाला आधी लसूण सांगायचे, मग भाजी. आमचा मेव्हणा पुण्याला शास्त्रज्ञ आहे, त्याने शोधून काढलंय. शेजारचे गोटीराम रक्त तपासून आले आणि यांना म्हणाले, बहिरू, तू पण ये, अर्ध्या तासाचं काम. हे हसले. म्हणाले, माझं रोज सकाळी तपासून होतं.

आता ऐक खरी गंमत. सुई घालायची म्हणून डॉक्टरने काय काय खाता ते विचारलं. दाजींनी छाती काढून लसूण सांगितला. डॉक्टर म्हणाला, भाजीत चिमूटभर चालेल, पण हा असला कच्चा लसूण सुईच्या आधी आठ दिवस बंद करा, याने रक्त पातळ राहतं, आत रक्त वाहायला लागलं तर थांबवणार कसं. झालं. दाजी खुर्चीवरून उठले. घरी पायरीवर चप्पल काढताना म्हणाले, "पाच वर्षं मी याच्यावर उभा हाय. जो हे बंद कर म्हणतो त्याला मी मरायला पाहिजे." मी काय काय नाही बोलले? रडले नाही, तो माझा स्वभाव नाही, भांडले. ताट आपटलं. ठेचायचा दगड उचलून विहिरीत टाकला, तर हे नदीवर जाऊन दुसरा घेऊन आले. मला म्हणतात, तू चौथी, महेश बीएस्सी, मी कोणाचं ऐकू? आता सातच्या जागी बारा पाकळ्या खातात. गाठ आहे ना, म्हणून जास्त.

म्हणून सोमवारी मी तुला फोन केला. चौकातल्या बूथवरून, तू दिलेल्या कॉलेजच्या नंबरावर. तुला कोणी सांगितलं नसेल, कारण मीच सांगू नका म्हटलं. मी म्हटलं, संशोधन करतात त्या महेशरावांना बोलवा. फोन घेतला त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "महेश होय, तो उंदरांच्या खोलीत पिंजरे धुतोय, हात ओले असतील."

अकरा वर्षं झाली तुझ्या नोकरीला. आई गेली ती पोरगा शास्त्रज्ञ आहे म्हणत गेली. तू उंदरांना दाणापाणी देतोस, त्यांची घाण काढतोस, आणि मॅडम लोक संशोधन करतात. माझ्या काळजाला ते लागलं नाही, हे नीट वाच. मी रोज गोठ्यातलं शेण काढते, मला कोणाच्या घाण काढण्याची लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती मांडवातल्या त्या दोन पेनांची.

फोन मग एका मॅडमने घेतला. तुझं नाव घेतलं तर म्हणाल्या, महेश फार मन लावून काम करतो, त्याच्या हातचे उंदीर कधी आजारी पडत नाहीत. मी म्हटलं, त्याच्या हातची माणसं पडतात, आणि सगळं सांगितलं. बाई चांगली. माझ्यासारखीला कळेल असं बोलली. म्हणाली, आम्ही उंदरांना लसणाचं सत्त्व आधीपासून देतो, आणि मग विष देतो. ज्यांना लसूण आधी मिळाला त्यांची लिव्हर कमी बिघडते, एवढं दिसलंय. पण एकदा गाठ धरली की लसणाचा आमच्या उंदरांना उपयोग झाला नाही. माणसांचं तर अजून कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लसूण खा, चांगला आहे, पण तो तपासणीच्या जागी नाही आणि औषधाच्या जागी नाही. आणि तुमचे डॉक्टर बंद करा म्हणतात ते बरोबर आहे. मग तिनेच मला विचारलं, महेशला हे सगळं माहीत आहे, त्याने तुम्हाला सांगितलं नाही का?

तिथंच फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. पण मला सवय आहे ना शेवटपर्यंत खणायची. मी विचारलं, उंदरांना विष कसलं देता? म्हणाली, शेंगदाण्यावर बुरशी धरते ना, त्या बुरशीचं. लिव्हरला ते फार वाईट. त्यात ब कावीळ असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं तर धोका कैक पटीने वाढतो. मी म्हटलं, भाजले तर जातं ना? म्हणाली, भाजून सगळं जात नाही.

महेश, आपल्याकडं शेंगा फोडल्यावर दाणे कसे निवडतात ते तू लहानपणी बघितलंस. टपोरा दाणा बाजारात. त्याच्या खालचा बियाण्याला आणि पाहुण्याला. काळा पडलेला, सुरकुतलेला, हिरवट झालेला घरात. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं, आणि काळे दाणे उकिरड्यावर टाकले म्हणून पुऱ्या गल्लीत मला नावं ठेवली. त्यानंतर मी एक दाणा टाकला नाही. या चार-पाच वर्षांत काढणीला दोनदा पाऊस आला, शेंगा ओल्याच पोत्यात भरल्या, तेव्हा घरात काळाच दाणा जास्त. तो कडू लागतो, नुसता तोंडात टाकला तर थुंकावा लागतो. पण भाजून त्यात तिखट आणि मोप लसूण घालून कुटला की कडूपणा कळतच नाही. दाजींना तुझ्या लसणाची चटणी दुप्पट लागायची. मी कुटायची. खा म्हणायची, औषध आहे. तुझ्या मॅडमच्या खोलीत उंदरांना जे दोन्ही देतात, ते दोन्ही मी या माणसाच्या भाकरीवर पाच वर्षं वाढलं.

आणि डॉक्टरने विचारलं होतं. लसणाच्या आधी विचारलं होतं, बुरशी लागलेलं धान्य, काळे दाणे खाण्यात येतात का. दाजी माझ्याकडं बघायला लागले, कारण त्यांना काय माहीत, ते ताटात येईल ते खातात. मी म्हटलं, नाही, आम्ही शेतकरी आहोत, आमच्या घरी असलं काही नसतं. पांढऱ्या कोटासमोर मला लाज वाटली. मांडवात तुला वाटली तशीच.

राहिलेलं पोतं मी मंगळवारी शेणखताच्या खड्ड्यात पुरलं. दाजींनी विचारलं, काय पुरतेस? मी म्हटलं, उंदीर मेलाय. परत खोटंच.

आता कशासाठी लिहिलं ते. सोळा तारखेला रविवार आहे, सतराला सकाळी त्यांचा लसूण बंद व्हायला पाहिजे. तू शनिवारी रात्रीच्या गाडीने निघ आणि रविवारी चहाच्या आत इथं ये. शर्ट कोणताही घाल, पेनं ठेवून ये. दाजींच्या पुढ्यात बसायचं आणि सांगायचं की मी शास्त्रज्ञ नाही, उंदीर सांभाळतो, आणि उंदरांचं अर्धंच तुम्हाला सांगितलं होतं. ते पडतं घेतील तर तुझ्याच बोलण्यावर, माझ्या नाही. शिव्या देतील, खाऊन घे. तुला वाटेल की मी तुला झोडपायला बोलावते आहे. सोमवारी बूथमधून निघाले तेव्हा तसंच ठरवलं होतं, आणि पत्राला बसले तेव्हाही. पण चार दिवस झाले, मी त्यांच्यासमोर दाण्यांचं बोलायला तोंड उघडते आणि जेवायला चला म्हणून मिटते. आयुष्यात मला कोणाला काही सांगायची भीती वाटली नव्हती. तुझं सांगून झालं की मी माझं सांगणार आहे, त्याच बैठकीत, तू उठायच्या आत. तुझं ऐकून ते लसूण ठेवतील आणि सुईला जातील. माझं ऐकून काय करतील ते मला माहीत नाही. तेव्हा माझ्या शेजारी कोणीतरी बसलेलं पाहिजे, आणि आई गेल्यावर मला तुझ्याशिवाय कोणी नाही.

अजून रागातच, पण तुझीच,
वच्छाताई