खासदाराच्या पत्रातलं एक वाक्य

कोडियाक, अलास्का
९ मे २०२३

माझ्या थोरल्या बहिणी, प्रिय मानांग पिनिंग,

देव तुला बरा ठेवो आणि तुझे गुडघेही. इकडे आम्ही दोघं नवराबायको मजेत आहोत. बर्फ गेलं, आता नुसता चिखल आहे. हिलारियोने होडीला निळा रंग दिलाय आणि त्यातला निम्मा स्वतःच्या पँटला. तू येणार म्हणून मागची खोली रिकामी केली, पडदे शिवले. पडदे वाकडे झालेत. तू आल्यावर ते उसवून परत शिवशील हे मला माहीत आहे, म्हणून कच्चेच टाके घातलेत.

गेल्या गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी चर्चच्या हॉलमध्ये होते. मे महिन्याच्या जत्रेसाठी आम्ही पंधराजणी लुंपिया वळत बसलो होतो. तू ‘मिळाला, डोराय, व्हिसा मिळाला!’ एवढंच ओरडलीस आणि माझ्या हातातलं सारण खाली पडलं. माझी मैत्रीण नेनिता शेजारीच होती, तिने फोन माझ्या हातून घेतला, ऐकला आणि टेबलावर चढून सगळ्यांना सांगितलं. मग काय विचारतेस! कुणी पातेलं वाजवलं, कुणी गायला लागलं. पाद्रीबाबा आत डोकावले तर त्यांनाही ओढून नाचायला लावलं. त्या नादात चाळीस लुंपिया करपल्या, आणि त्याही खाल्ल्या लोकांनी.

पंचवीस वर्षं, मानांग. मी तुझ्यासाठी अर्ज भरला तेव्हा माझे केस काळे होते आणि तू चौथीच्या वर्गाला शिकवत होतीस.

हे पत्र मी टपालाने न पाठवता नेनिताच्या हाती देतेय. ती उद्या गावी निघतेय, शनिवारी तुझ्याकडे बटाकला पोचेल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि विमानात बसण्याआधी तू हे वाचायला हवंस.

आधी खासदाराकडे गेले त्याची गोष्ट सांगते. तुला फोनवर मी फक्त ‘खासदारांच्या कचेरीने मदत केली’ एवढंच म्हटलं होतं.

तुझी सगळी कागदपत्रं जमा होऊन अडीच वर्षं झाली तरी काही हलेना. फोन केला की एकच उत्तर, ‘काम चालू आहे, वाट पाहा.’ तेव्हा नेनिता म्हणाली, “खासदारांना का नाही सांगत?” मी म्हटलं, “मला कोण ओळखतंय तिथे? माझा ना कुणी काका पुढारी, ना कुणी भाऊ.” ती म्हणाली, “ओळख लागत नाही गं. तू इथली मतदार आहेस, एवढं पुरे. त्यांच्या कचेरीतली बाई ऑक्टोबरात ग्रंथालयात येऊन बसते.”

माझा विश्वास बसेना. आपल्याकडे साध्या महापौराला भेटायचं तरी आई, आपली नानांग, कोंबडी घेऊन जायची, आठवतं? म्हणून मी लुंपियाचा मोठा डबा भरून घेतला. हिलारियोला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. ग्रंथालयात मुलांच्या पुस्तकांशेजारी एका छोट्या टेबलामागे खासदारांच्या कचेरीतली बाई बसली होती. ऑलिव्ह काशेवारोव्ह तिचं नाव, इथलीच, पलीकडच्या बेटावरची. साठीची असेल. पायात रबरी बूट. आमच्या पुढे चार कोळी रांगेत होते, कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाचा परवाना.

आमची पाळी आली तसा मी डबा पुढे सरकवला. ती म्हणाली, “काय सुंदर वास आहे! पण मला हे घेता येणार नाही.”

“एकच घ्या.”

“एकही नाही. नियम आहे.”

“मग काम?”

“काम करण्याचा पगार मिळतो मला,” ती हसून म्हणाली, “डबा मागे द्या, ती मंडळी सकाळपासून उभी आहेत.” कोळ्यांनी दोन मिनिटांत डबा चाटूनपुसून साफ केला आणि एकाने तर आमच्या नावाने प्रार्थनाही म्हटली.

ऑलिव्हबाईंनी आधी माझी सही घेतली. माझ्या परवानगीशिवाय खासदारांनासुद्धा माझी फाईल मागवता येत नाही म्हणे. मग एकेक कागद बघत, तारखा लिहीत गेल्या. आणि एका ठिकाणी थांबल्या.

“तुमचा नंबर लागला, तसं पत्र तुम्हाला मार्च २०१९ मध्ये आलं. तुम्ही उत्तर दिलंत जानेवारी २०२० मध्ये. मधले दहा महिने काय झालं?”

मी म्हटलं, “आजारी होते.”

शेजारी हिलारियोला एकदम खोकला आला.

मानांग, मी आजारी नव्हते. ते पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मी वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तुमच्या बहिणीचा नंबर लागलाय, पुढची कागदपत्रं भरा. मी ते घडी करून सणावाराच्या टेबलक्लॉथखाली, तळाशी ठेवून दिलं. हिलारियोला सांगितलं, भरते सावकाश. तो महिनाभर विचारत राहिला, मग विचारायचा बंद झाला.

का, ते तुला ठाऊक आहे. नानांग गेली तेव्हा मी इथे विमानतळावर तीन दिवस धुक्यात अडकून बसले होते. तुला फोनवर सांगत होते, येतेय, थांब. आपल्याकडे परदेशातून येणाऱ्या लेकरासाठी लोक दहा-दहा दिवस थांबतात, अख्खा गाव जागरणं करतो. मी पोचले तेव्हा तू तिला पुरलेलं होतंस. ओली माती आणि वर वादळाने मोडलेल्या फांद्या. मी तुला कबरीपाशी सगळ्या शेजाऱ्यांसमोर काय काय बोलले! आणि तू म्हणालीस, “तू वीस वर्षं नव्हतीस, चार दिवसांचं काय घेऊन बसलीस?”

ते वाक्य मी इथे घेऊन आले आणि त्या पत्रावर ठेवलं. मनात म्हणायचे, मी नव्हते ना? मग राहू दे तिलाही तिथेच. आता थांबू दे तिला. हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण असंच म्हणायचे.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तू फोटो पाठवलास. नानांगच्या कबरीवर दोन मेणबत्त्या, खाली लिहिलेलं, ‘एक तुझी.’ बाकी काही नाही. तो फोटो मी दोन महिने रोज पाहिला. मग जानेवारीत टेबलक्लॉथ उचलला. कागद भरून धाडले आणि दोन महिन्यांत साथ आली, जगभरची दारं बंद झाली. मार्चमध्येच उत्तर दिलं असतं तर तुझी मुलाखत कधीच होऊन गेली असती. त्यानंतरची तीन वर्षं त्यांची असतील, पण ते दहा महिने माझे आहेत.

तर ग्रंथालयातून घरी आलो. आठवड्याने ऑलिव्हबाईंचा फोन. “खासदारांच्या सहीचं पत्र तयार करतेय. त्यात तुमच्या आजारपणाचा उल्लेख घालते, डॉक्टरांचा दाखला पाठवा.” मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. हिलारियो जाळं शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “कुठला डॉक्टर शोधणार आता? टेबलक्लॉथचा?”

मी लगेच परत फोन लावला. म्हटलं, “बाई, मी खोटं बोलले. आजारी नव्हते. बहिणीवर राग धरला होता.” आणि सगळं सांगितलं, धुकं, कबर, पत्र, सगळं. मला वाटलं, झालं, माझ्या जिभेने मानांगचं काम बुडवलं.

मग त्या म्हणाल्या, “मी आणि माझा भाऊ एका होडीवरून अकरा वर्षं बोललो नाही. दोघं एकाच रस्त्यावर राहतो.” मग विचारलं, “आई वारल्यानंतरचे दिवस होते ना ते?”

“सहा महिने झाले होते.”

“मग मी लिहिते, ‘कुटुंबातील दुःखामुळे उत्तरास विलंब झाला.’ हे खोटं आहे का?”

मी म्हटलं, “नाही. हे खरं आहे.”

“मग हेच जाईल.”

त्या वाक्याची प्रत माझ्याकडे आहे, खाली खासदारांची सही आहे. माझ्या रागाला कुणी दुःख म्हटलं, असं पहिल्यांदाच झालं. ते ऐकून मी किती रडले, ते सांगत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पाच आठवड्यांत उत्तर आलं की तुझा जन्मदाखला तुझ्याच नावाच्या दुसऱ्या कुणा क्रिस्पिनाच्या फाईलला जोडला गेला होता. खासदारांनी विचारलं म्हणून कुणीतरी उघडून पाहिलं. एप्रिलमध्ये तुझी मुलाखत, मेमध्ये व्हिसा.

मला आणखी एक सांगायचंय. त्या वादळात वीज गेली होती, मृतदेह ठेवणाऱ्याने थांबायला नकार दिला होता, हे तू मला कबरीपाशी सांगत होतीस. मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं होतं.

हे वाचून यावंसं वाटलं नाही तर नेनिताजवळ तसं सांग. आलीस तर माझा वाकडा पडदा, हिलारियोचं घोरणं आणि मी, तिन्ही तुझे.

तुझ्या पाया पडते.

तुझीच धाकटी, तुझी आदिंग,
डोराय


बटाक, इलोकोस नोर्ते
१४ मे २०२३

आदिंग डोराय,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं, उत्तर आज सकाळी लिहितेय. पत्राला उत्तर असं देतात. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, आल्यावर दाखवीन.

आता ऐक. ते मार्चचं पत्र मलाही आलं होतं. ज्याच्यासाठी अर्ज असतो त्यालाही कळवतात, एवढंही तुझ्या डोक्यात आलं नाही? मी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. रोज वाटायचं, आज डोरायचा फोन येईल. एप्रिल गेला, मे गेला. मला कळलं, तू दाबून बसलीयस. नानांग तुला लहानपणी ओरडली की तू पलंगाखाली जाऊन बसायचीस, संध्याकाळपर्यंत. नानांग म्हणायची, ओढू नका, भूक लागली की येईल. म्हणून मी ओढलं नाही.

आणि खरं सांगू? मलाही तेव्हा यायचं नव्हतं. ज्या बहिणीने शेजाऱ्यांसमोर मला आईची वैरीण म्हटलं, तिच्या घरी मी कशाला भांडी घासायला येऊ? तू दहा महिने कागद दाबलास, तसे मी दहा महिने फोन दाबला. म्हणजे आपण दोघींनी मिळून त्या खासदाराला कामाला लावलं. त्या बिचाऱ्याला सांगू नकोस.

‘वीस वर्षं नव्हतीस’ हे मी बोलायला नको होतं. तू इथे नव्हतीस, तिकडून पैसे पाठवत होतीस, म्हणूनच नानांगच्या डोक्यावर पक्कं छप्पर होतं. वादळात अख्ख्या आळीत तेवढंच टिकलं. बायका-मुलं त्या छपराखाली झोपली आणि नानांगही तिथेच, मधोमध, शवपेटीत. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

ऑलिव्हबाईंसाठी हाताने विणलेली चादर आणणार होते. घेता येत नाही म्हणतेस, तर मी स्वतः जाऊन त्यांचा हात हातात घेईन. त्याला तर नियम नसेल.

गावात मी सगळ्यांना सांगत फिरते की मला कसली भीती नाही. पण आदिंग, मी सहासष्ट वर्षांची आहे आणि कधी विमानात बसले नाही. एवढ्या मोठ्या विमानतळावर मला कुणी आपली इलोकानो भाषा बोलणारं भेटणार नाही. तू अँकोरेजला दारापाशी अगदी पुढे उभी राहा. तुझ्या मागे हिलारियोला ठेव, तो उंच आहे, पण मी त्याला शोधणार नाही. तू दिसल्याशिवाय मी त्या दारातून पाऊल बाहेर टाकणार नाही.

दहा जूनला.

तुझी थोरली,
पिनिंग